आवरायची घाई

मला आवरायला आवडतं. माझ्या डेस्कवर एक कागद इकडचा तिकडे दिसणार नाही. इनबॉक्समध्ये न वाचलेला मेल उरला तर रात्री झोप लागत नाही. ऑफिसात मला प्रेमाने (आणि कधी कधी वैतागून) ‘क्लोज इट मॅडम’ म्हणतात. कारण एखादा इश्यू उघडा दिसला की तो बंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरला हा गुण शोभतो म्हणे. अप्रेझलमध्ये त्याचे मार्कही मिळतात.

याच गुणापायी मी आमच्या वाडीचं वादळाने केलं नसेल एवढं नुकसान केलं. ते लक्षात यायला मला दोन वर्षं लागली आणि त्यासाठी लंडनपर्यंत जावं लागलं!

सुरुवात ३ जून २०२० ची. लॉकडाऊनचे दिवस होते. मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून कॉलवर कॉल घेत होते. श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावी आई आणि अण्णा दोघंच. बाराच्या सुमारास अण्णांचा फोन आला, ‘वारा वाढलाय. पत्रे वाजतायत. ठेवतो.’ बस्स, एवढंच. त्यानंतर फोन लागेना.

दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. नाव काय, तर निसर्ग! बांगलादेशने सुचवलेलं होतं म्हणे. टीव्हीवर मुंबई कशी थोडक्यात वाचली याच्या बातम्या चालू होत्या आणि मी दर दहा मिनिटांनी तोच एक नंबर लावत होते.

चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या दिवशी गावातल्या कुणीतरी माणगावपर्यंत येऊन निरोप दिला, दोघं सुखरूप आहेत. सहाव्या दिवशी ई-पास काढून, गाडीत तांदूळ, मेणबत्त्या, ताडपत्री भरून मी आणि धाकटा भाऊ ताम्हिणीतून खाली उतरलो. म्हसळ्याच्या पुढे रस्ता ओळखू येईना. लहानपणापासून ज्या वळणावर ‘आलं हं गाव’ म्हणायचो, त्या वळणावरची सावलीच गायब होती. आमचं घर रस्त्यावरून दिसत होतं. आमचं घर रस्त्यावरून कधीच दिसायचं नाही हो! मध्ये वाडी असायची.

ज्यांनी श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या बघितल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. वाडी म्हणजे ओळीत लावलेली बाग नव्हे. ते एक छोटं जंगलच असतं, माणसाने वाढवलेलं. सगळ्यात वर माड, त्याच्या खाली पोफळी, त्याखाली जायफळ, रातांबा, केळी, पोफळींच्या अंगावर चढलेल्या मिरवेली आणि तळाला पाटाचं पाणी. भर मे महिन्यातही आत शिरलं की गार वाटतं. आमची वीस गुंठ्यांची वाडी पणजोबांपासूनची. अण्णांच्या वहीत दोनशे दहा पोफळी आणि चोवीस माड लिहिलेले होते. वादळानंतर त्यांनी मोजल्या तेव्हा अडतीस पोफळी आणि नऊ माड उभे होते.

पोफळ म्हणजे चाळीस-पन्नास फुटांची बारीक काठी. मुळं वरच्या वर. एकटी पोफळ असल्या वाऱ्यात टिकत नाही. ती शेजारणींच्या आडोशाने उभी असते. समुद्राकडची पहिली रांग गेली की दुसरीवर वारा येतो, शिवाय पहिलीतली झाडंही तिच्याच अंगावर पडतात. अण्णा म्हणाले, ‘अर्ध्या तासात आत-बाहेर काही राहिलं नाही.’

समोर छातीएवढा खोडांचा, झावळ्यांचा, पत्र्यांचा, तुटलेल्या तारांचा ढीग. मी तो बघितला आणि माझ्यातली ‘क्लोज इट मॅडम’ जागी झाली. रडायचं सोडून मी मनात एक्सेल शीट उघडली!

हिशेब सोपा होता. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं. माडाचंही तसंच. फळबागांना हेक्टरी ५० हजारांची मदत जाहीर झाली होती. आमच्या वीस गुंठ्यांना म्हणजे दहा हजार. अण्णांचं वय तेव्हा एकाहत्तर. आणि आठवडाभरात एक एजंट घरी येऊन गेला. फार गोड बोलायचा. ‘ताई, आता वाडी राहिलीच कुठे? प्लॉट म्हणा. सपाट करून ठेवा, बाकी मी बघतो.’ मला त्याचा राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला त्याचं पटलं. विकायचं नव्हतं अजून, पण सपाट करायला काय हरकत आहे? नव्याने सुरुवात करू. क्लीन स्लेट!

मी जेसीबी ठरवला. अण्णांनी एकच वाक्य उच्चारलं, ‘पाटाच्या अलीकडची तू कर. पलीकडची माझ्याकडे राहू दे.’

मग काय, मी तीन दिवसांत माझी अर्धी वाडी चकाचक केली. भर पावसात, ओल्या जमिनीवर जेसीबी पुढे-मागे फिरत होता. खोडं एका कोपऱ्यात, झावळ्या पेटवायला दुसऱ्या कोपऱ्यात. माझ्या बाजूला आजीने लावलेला रायवळ आंबा होता. तो आडवा पडला होता, पण एका अंगाची मुळं अजून जमिनीत होती. करवत घेऊन आलेला माणूस थांबला. ‘ताई, याची मुळं आत हायत. ठेवायचा का?’ मी म्हटलं, ‘कापा.’

तो ‘कापा’ मला अजून ऐकू येतो.

त्यावेळी मात्र मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. आधीचा आणि नंतरचा. भरपूर अंगठे मिळाले. ऑगस्टमध्ये कुठून कुठून शोधून साठ पोफळीची रोपं आणली. ती मिळणंही सोपं नव्हतं, कारण सुपारी रुजवून रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि अख्ख्या तालुक्याला त्या वर्षी रोपं हवी होती. दोरी धरून, रांगेत, सारख्या अंतरावर लावली. काय सुंदर दिसत होती!

पाटापलीकडे अण्णांचं काय चाललं होतं? माझ्या मते काहीच नाही. शेंडे मोडलेले माड आणि पोफळी तेवढे त्यांनी तोडून बाहेर काढले. बाकी पसारा तसाच. झावळ्या तिथेच पसरलेल्या, पोफळीची खोडं पाटाच्या कडेला रचलेली. आडव्या पडलेल्या रातांब्याच्या उघड्या मुळांवर त्यांनी माती ओढली आणि त्याला तसाच ठेवला. कललेल्या चार लहान पोफळींना बांबूचे टेकू दिले. आणि मधल्या मोकळ्या जागांत लावलं काय, तर केळी! मी भावाला म्हटलं, ‘अण्णा थकलेत रे आता.’

पुढच्या मे महिन्यात, २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्यालगतून वर गेलं. त्यात अण्णांच्या बऱ्याच केळी पडल्या. पण माझ्या साठ रोपांसाठी वादळाची गरजच पडली नव्हती. ती मार्च-एप्रिलच्या उन्हातच करपली होती. उरली अकरा. पावसाळ्यात माझ्या बाजूला पाणी साचायचं, उन्हाळ्यात जमीन फरशीसारखी टणक व्हायची. मी त्याचं खापर रोपांवर फोडलं, नर्सरीवर फोडलं, हवामानावर फोडलं. आणि पुण्याला परत येऊन कामाला लागले.

२०२२ मध्ये कंपनीने तीन महिन्यांसाठी लंडनला पाठवलं. वीकेण्डला काय करायचं, म्हणून एका शनिवारी क्यू गार्डन्सला गेले. खरं सांगायचं तर फोटो काढायला! तिथे एका पसरट, डेरेदार ओकपाशी आमची गाईडबाई थांबली आणि म्हणाली, हे आमच्या सगळ्या झाडांचं गुरू. 

टर्नर्स ओक. १७९८ मध्ये लावलेला. १९८० च्या दशकात तो मरायला टेकला होता. पानं विरळ, फांद्या वाळलेल्या. मग १५ आणि १६ ऑक्टोबर १९८७ च्या मधल्या रात्री दक्षिण इंग्लंडवर मोठं वादळ आलं. आधीच्या पावसाने जमीन भिजलेली, झाडांवर अजून पानं, त्यामुळे शिडासारखा वारा भरला. एका रात्रीत अंदाजे दीड कोटी झाडं पडली. इंग्लंडमध्ये अठरा माणसं गेली. सेव्हनओक्स, म्हणजे सात ओक हेच ज्या गावाचं नाव, त्याचे सातातले सहा ओक आडवे झाले. एकट्या क्यूमध्ये सातशे झाडं गेली.

त्या रात्री वाऱ्याने हा टर्नर्स ओक मुळांच्या अख्ख्या गड्ड्यासकट उचलला आणि पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवला. लोकांना वाटलं, हा गेलाच. पण कामाचा ढीग एवढा होता की त्याला नुसते टेकू लावून ठेवला. कापायच्या यादीत सगळ्यात शेवटी. तीन वर्षांनी त्याच्यापर्यंत पोचले तर झाड हिरवंगार! गेल्या कित्येक वर्षांत वाढलं नव्हतं तेवढं वाढलं होतं.

कारण काय? तर शंभर-दोनशे वर्षं लाखो लोकांनी त्याच्या सावलीत उभं राहून मुळांवरची माती तुडवून तुडवून घट्ट केली होती. मुळांना हवा नाही, पाणी नाही. वादळाने ती माती एका झटक्यात मोकळी केली. क्यूच्या झाडांची जबाबदारी पुढे ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली ते टोनी कर्कहॅम ही गोष्ट नेहमी सांगत आले. त्यातून क्यूवाल्यांनी धडा घेतला आणि इतर जुन्या झाडांच्या मुळांशी दाबाची हवा सोडून माती मोकळी करायला सुरुवात केली.

सगळे फोटो काढत होते. माझ्या डोळ्यांसमोर ओल्या मातीवर पुढे-मागे फिरणारा जेसीबी आला. जे या झाडाचं दोनशे वर्षांत झालं होतं, ते मी माझ्या दहा गुंठ्यांचं तीन दिवसांत केलं होतं.

पुढच्या शनिवारी ऑफिसातल्या एका ब्रिटिश मित्राच्या मागे लागून त्याच्या गाडीतून केंटमधल्या टॉइज हिलला गेले. तिथलं बीचचं जुनं जंगल त्या वादळात जवळजवळ सगळंच झोपलं होतं. बहुतेक ठिकाणी तेव्हा माझ्यासारखंच झालं, पडलेलं ओढून काढलं आणि नवी रोपं लावली. पण इथला एक भाग नॅशनल ट्रस्टने मुद्दाम हात न लावता सोडला. आता पस्तीस वर्षांनी त्या भागात जुनी खोडं आडवी पडलेली आहेत, त्यांच्यावर शेवाळ, भूछत्रं, आणि त्यांच्यामधून सरळसोट वर गेलेली बर्च, बीच, ओकची झाडं. कुणी लावलेली नाहीत. बी मातीत होतंच, त्याला फक्त उजेड हवा होता.

ब्रिटनच्या जंगलांचा इतिहास लिहिणारे ऑलिव्हर रॅकहॅम यांचं म्हणणं साधं होतं. पडलेलं झाड आणि मेलेलं झाड एक नव्हे. थोडी मुळं जमिनीत असतील तर झाड आडवं राहूनही जगतं. वादळाने मोडलं त्यापेक्षा जास्त पुष्कळदा नंतरच्या आवराआवरीने मोडतं.

मला आजीचा आंबा आठवला. रस्ताभर मी गप्प होते. मित्राला वाटलं, मला गाडी लागली.

सुट्टी टाकून गावी गेले तेव्हा अण्णांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. टर्नर्स ओक, टॉइज हिल, पस्तीस वर्षं... अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चपला घातल्या. ‘चल.’

आम्ही गावच्या देवराईत गेलो. मी तिथे किती वर्षांनी जात होते कोण जाणे. ‘निसर्ग’ने तिथेही चार-पाच मोठी झाडं पाडली होती. पण देवराईतली काटकीही घरी न्यायची नाही, हा आमच्याकडचा नियम. देवाचं आहे ते. त्यामुळे कुणी करवत आणली नाही, जेसीबी तर नाहीच. पडलेल्या किंजळाच्या बुंध्यातून मनगटाएवढे चार फुटवे वर आले होते. वर आभाळ उघडं पडलं होतं, त्याच्या बरोबर खाली चांदाडा माजला होता, त्याच्या रुंद पानांच्या सावलीत आईन, बेहड्याची रोपं. कडेने मात्र रानमोडी घुसली होती. अण्णा चालता चालता वाकून ती उपटत होते. ‘हिला तेवढी राहू द्यायची नाही. बाकीच्यांचं त्यांना कळतं.’

मग म्हणाले, ‘लंडनला तिकीट किती लागतं?’

मी काही बोलले नाही!

परतताना मी विचारलं, ‘मग तुम्ही मोडलेले माड का काढलेत? तेही ठेवायचे होते.’ अण्णांनी माझ्याकडे दुसरीच्या वर्गातल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. माडाला आणि पोफळीला एकच शेंडा. तो मोडला की संपलं. आंब्यासारखे फुटवे येत नाहीत. वर कुजणाऱ्या माडात गेंडा भुंगा वाढतो आणि मग तो उभ्या माडांचे कोंब खातो. म्हणून ते काढायचे. आंबा, रातांबा, जायफळ यांची मुळं तपासायची, थांबायचं. पोफळीचं रोप उघड्या उन्हात जगत नाही, म्हणून आधी केळ. केळीच्या सावलीत पोफळ, पोफळीच्या सावलीत जायफळ आणि मिरी. जंगल ज्या क्रमाने उभं राहतं त्याच क्रमाने वाडी उभी करायची. मधली पायरी गाळता येत नाही.

‘हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?’

‘तू विचारलंस कुठे? तू फोटो काढत होतीस.’

तर २०२३ च्या पावसाळ्यापासून आम्ही माझ्या दहा गुंठ्यांची दुरुस्ती काढली आहे. पहिला हंगाम काहीच लावलं नाही. (हे लिहायला सोपं आहे. मला विचारा!) टणक झालेली जमीन हाताने, टिकावाने फोडली. झावळ्या, पालापाचोळा पसरला. कडेला गिरिपुष्प, मग केळी. २०२४ च्या पावसात त्या सावलीत पोफळीची चाळीस रोपं लावली. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मोजली तर चौतीस जिवंत. जुन्या अकरांतल्याही सात आहेत. त्यांना आता शेजार मिळालाय. आजीच्या आंब्याची जागा रिकामीच ठेवली आहे. तिथे काही लावावं असं मला वाटत नाही आणि अण्णाही आग्रह करत नाहीत.

एजंटचा फोन अजून येतो, दर दिवाळीत, शुभेच्छा द्यायला. भाव चौपट झालाय. मी हिशेब करत नाही असं नाही. सवय जात नाही. पण त्या शीटमध्ये एक रकाना आहे जो मला भरताच येत नाही, तो म्हणजे पाटापलीकडची सावली. तिची किंमत काय लावायची?

पुण्यात आल्यावर माझ्यात थोडा फरक पडलाय, असं टीम म्हणते. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतला गुलमोहर कलला. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, कापून टाकू, गाड्यांवर पडेल. मी म्हटलं, गाड्या हलवू, आधी बघू तरी. झाडांचा जाणकार बोलावला. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेले, मुळांना श्वास घ्यायला जागाच नाही. एका बाजूच्या फांद्या परवानगी काढून हलक्या केल्या, चार-चार फूट पेव्हर उखडले. झाड उभं आहे. अजून धोका आहे का? असेलही. दर महिन्याला बघायचं ठरलंय. हा इश्यू ‘ओपन’ आहे आणि तरी मला झोप लागते.

२०२५ च्या मे महिन्यात गावी गेले होते. पाटापलीकडे तो आडवा रातांबा अजून आडवाच आहे. खोड जमिनीवर टेकलेलं, आणि त्यातून सहा-सात फांद्या सरळ वर गेलेल्या, जणू एकाची सहा झाडं. लालभडक फळं लगडली होती. पूर्वी काढायला अण्णांना शिडी लागायची. आता आई खुर्ची टाकून बसली होती आणि हात लांब करून रातांबे तोडत होती.

‘बघतेस काय?’ ती म्हणाली. ‘टोपली आण. आमसुलं घालायचीत.’